दगडाची गाठ

मोशी, १९५७. भैरू कमरेला दगड बांधून विहिरीचा तळ गाठायचा आणि काम झालं की गाठ सोडून वर यायचा. त्या दिवशी नानासाहेबांच्या नव्या पंपाच्या पाइपात शेवाळ अडकलं होतं, ते काढायला तो उतरला.

काठावर त्याची बायको सोजराबाई आकडे मोजत होती. शेवाळाचे पुंजके वर तरंगत आले, पण शंभर झाले तरी तो वर येईना.

"गाठ सुटंना वाटतं त्येंची. नानासाहेब, इंजिन लावा, पाणी उपसा."

नानासाहेबांनी हँडल मारलं. पंपाला पाणी येईना, म्हणून वेग वाढवला. तरी येईना, तेव्हा हताश होऊन इंजिन बंद केलं.

तसा भैरू पालथा तरंगत वर आला.



कमरेला दगड नव्हता. दंडावर पाइपाच्या तोंडाचा गोल वळ होता.