बटणाखालचं नाव

दोन वर्षं नोकरी नव्हती. कुणीतरी काम बघून बोलावेल, या एकाच आशेवर निपाणीची तरुण डिझायनर ब्राह्मी, वेबसाइटसाठी बटणं, मेन्यू रचून इंटरनेटवरच्या खुल्या गॅलरीत टाकत राहिली. तिथलं कुणीही उचलावं, फुकट वापरावं. अखेर बेळगावातल्या एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलं.

"काय गं, हे बटण चोरलंयस व्हय? आमच्या वेबसाइटवर वर्षभर हेच हाय की!" तिच्या नमुन्यांतलं एक बटण बघून मुलाखत घेणारे साहेब हसले.

तिनं लगेच गॅलरी उघडली आणि बटणाखालचं आपलं नाव दाखवलं. साहेब तिची सगळी कामं बघत गेले, चेहरा खुलत गेला.



"लई भारी गं! मग तुला पगारावर कशाला ठेवायचं? तू टाकत राहा, आम्ही घेत राहतो."