तांबडा रंग

भूशास्त्राच्या सरांच्या जन्मशताब्दीला कुमुदिनीबाई सरवटे मागच्या रांगेत बसल्या होत्या. व्यासपीठावर एक तरुण संशोधिका काळ्या दगडाचा तुकडा उंच धरून सांगत होती, "या गाळाच्या खडकातल्या तांबड्या द्रव्यात धातू कोट्यवधी वर्षं घट्ट अडकून बसलाय. खडकातलेच जिवाणू ते द्रव्य खातात, धातू सुटतो आणि तांबडा रंग उडतो."

बाईंनी दगड ओळखला. एकोणपन्नास वर्षांपूर्वी याच दगडातून काढलेला तांबडा अर्क, त्यात दगडाची पूड घातल्यावर, त्यांच्या बाटल्यांत महिन्याभरात फिका पडला होता. "सर, यात काहीतरी जिवंत आहे," असं त्या म्हणाल्या, तेव्हा सरांनी सगळ्यांदेखत झापलं होतं, "बाई, आधी बाटल्या नीट धुवायला शिका! आणि तो दगड फेकून द्या." बाईंचा प्रबंध तिथेच संपला. दगड मात्र त्यांनी गुपचूप सरांच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात मागे सरकवून ठेवला होता.

"हा नमुना इतकी वर्षं जपून ठेवणाऱ्या सरांच्या दूरदृष्टीला माझं वंदन!" संशोधिका म्हणाली. टाळ्या कडाडल्या. हार घातलेल्या तसबिरीतून सर नेहमीच्याच करड्या नजरेने बघत होते.

चहाच्या वेळी बाईंनी तिला गाठलं. "छान बोललीस हो. पण काय गं, बाटल्या नीट धुतल्या होत्यास ना?"

मुलगी दुखावली. "अहो आजी, तीन-तीनदा!"

बाईंनी चहात बिस्किट बुडवलं. "मीसुद्धा तीनदाच धुतल्या होत्या."