कावेरीची सीट

टीव्हीवरच्या कावेरीचं नाव डॉक्टरकीच्या यादीत लागलं नाही, आणि इकडं पडेगावात रत्नमालेच्या डोळ्यांना धार लागली.

मालिकाच तशी होती. कावेरी गरिबाघरची, गुणाची, खोकणाऱ्या बापाला औषध पाजत पाजत अभ्यास करणारी. आणि तिची सीट गेली कुणाला, तर मोटारीतून उतरणाऱ्या, च्युइंगम चघळणाऱ्या एका पोरीला. मार्क कमी, पण हातात जातीचा दाखला. कावेरीचे मास्तर जड आवाजात म्हणाले, "आज गुणवत्ता हरली, दाखला जिंकला." मागं काहीतरी रडकं वाजलं. लेकी बोले सुने लागे, त्यातलाच प्रकार. तो टोमणा कुणाच्या दारी येऊन पडतोय ते कळण्याइतकी रत्नमाला शहाणी होती. पण डोळे काय विचारून वाहतात?

तिच्या नवऱ्यानं, गोकुळनं, घरात ही मालिका बंदच केली होती. "ते आपल्याला शिव्या घालत्यात अन् तू टिपं गाळती," असं म्हणून त्यानं एक दिवस सरळ रिमोट खिशात घातला. त्याचंही काही चूक नव्हतं. मग रत्नमाला मेथीची जुडी घेऊन शेजारी सत्यभामावहिनींकडं यायला लागली. भाजी निवडायचं निमित्त. वहिनींची खुलताबादला शेती, नवरा इथं नोकरीला, घर मोठं, टीव्ही त्याहून मोठा. पण बाई मनाची उघडी. रत्नमालेच्या लेकीचं, प्रेरणाचं नाव मेडिकलला लागलं तेव्हा गल्लीभर पेढे वाटत हिंडली होती ती हीच.

वहिनींनी पदरानं नाक पुसलं. "बघ ना रत्नमाला. पोरीनं रातचा दिवस केला, अन् सीट गेली दुसरीलाच. ह्या लोकांचं बरं हाय बाई. सगळं आयतं."

रत्नमालेचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. वहिनींनाही बोलून गेल्यावर उमगलं असावं. त्या घाईनं म्हणाल्या, "तुझ्या प्रेरणाचं येगळं हाय हां. ती मुळातच हुशार. मी आपलं बाकीच्यांचं म्हणते."

आता इथं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. बाकीचे म्हणजे आम्हीच की वहिनी, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. पण रत्नमालेला काय वाटलं, तर बरं वाटलं. खोटं कशाला सांगा. आपली लेक त्यातून अलगद बाजूला काढून ठेवली, म्हणून आतून अगदी गार वाटलं. तिनं मान डोलावली आणि वर म्हणाली, "व्हय वहिनी, लई वाईट झालं कावेरीचं. तिच्या हक्काची सीट होती ती."

"आई, किल्ली दे."

दारात प्रेरणा उभी होती. घाटीच्या सरकारी मेडिकल कॉलेजातून नुकतीच आलेली, खांद्याला बॅग, हातावर घडी केलेला पांढरा एप्रन. कधीची उभी होती कुणास ठाऊक.

"ये गं डॉक्टरीणबाई," वहिनी कौतुकानं म्हणाल्या. "चहा टाकते."

"नको काकू, भूक लागली आता." प्रेरणा हसून बोलली. रत्नमाला भाजी तशीच पिशवीत कोंबून उठली.

घरी आल्यावर ती लेकीकडं बघेना. तिनं ताट वाढलं, पहिली भाकरी संपायच्या आत दुसरी टाकली, वांग्याची भाजी पुन्हा वाढली. अपराधी माणूस जास्तच वाढतो. प्रेरणा खाली मान घालून जेवत होती.

"रोज बघती का गं?" तिनं विचारलं.

"रोज नाय," रत्नमाला म्हणाली. मग तिचं तिलाच राहवलं नाही. "रोज बघते. आवडती मला. ती पोरगी रडली की मलाबी रडू येतं. त्यात आपल्याला घालूनपाडून बोलत्यात, ते कळतं गं मला. कळतं तरी बघावं वाटतं. आज तर मी... तू ऐकलं ना?"

"ऐकलं."

रागावली असती तर बरं झालं असतं. चार शब्द ऐकून घेतले असते आणि हलकं वाटलं असतं. पण प्रेरणानं भाकरीचा तुकडा मोडला आणि तो हातातच ठेवला.

"पहिल्या वर्षाला एका पोरानं मला मार्क विचारले होते. मी सांगितले. तर म्हणाला, एवढे हायत व्हय, मग तू वेगळी." तिनं तुकडा ताटात ठेवला. "मलाबी बरं वाटलं होतं, आई. आत्ता काकूंकडं तुझं तोंड झालं होतं ना, तसंच माझं झालं असंल. माझ्या शेजारीच आपल्यातली एक पोरगी बसली होती. तिचे मार्क कमी होते. ती नंतर माझ्याशेजारी बसली नाय."

लेकीच्या पाठीवरून हात फिरवावा म्हणून रत्नमालेनं हात उचलला, पण तेवढं तिला झालं नाही.

"एक सांग," प्रेरणा म्हणाली. "त्या मालिकेत कावेरीची सीट घेणारी जी पोरगी हाय, तिची आई दाखवली का गं कधी?"

रत्नमाला आठवायला लागली. पोरीची मोटार आठवली. लाल नखं आठवली. हसणं तर चांगलंच आठवलं.

"नाय," ती म्हणाली. "तिला आई नाय दाखवली."