शांत कॉलनीतली शिट्टी

आमची कॉलनी नांदेडच्या पार टोकाला. सकाळी अपडाउनवाले गेले, की दिवसभर कुत्रंसुद्धा भुंकत नाही. अशा कॉलनीत मी दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायला शिकले, तीही पार हायवेपर्यंत ऐकू जाईल अशी!

समोरचे भागवतकाका नायगावच्या शाळेत शिकवायला जातात. ते आमच्या गेटवर येऊन पप्पांना म्हणाले, "पोरीला आवरा जरा. पोरीच्या जातीला शोभतं का हे? शांत कॉलनी हाय आपली."

"मला लई शोभतं, काका," मीच बोलले. पप्पा नुसते हसले.

आज काका डबा सांभाळत पळत निघाले, तोवर नायगावची एसटी कोपऱ्यावरून हलली होती. पुढची गाडी थेट शाळा भरल्यावर. काकांनी हाका मारल्या, पण ड्रायव्हरला काही ऐकू जाईना. शेवटी त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

मी गेटवर हाताची घडी घालून उभी. "काका, शोभंल का?"



आमच्या शांत कॉलनीत एवढ्या जोरात कुणी ओरडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं, "वाजव की माय, वाजव लवकर!"