बाहुलीचं रडणं

"दिदी, रडा की आता. बोटं आखडली माझी," निरजन डॉक्टर हसत म्हणाला.

"आधी छाती वर येऊ दे, बाबू. फुकटचं रडणं नाही माझ्याकडे," धनसरा नर्स म्हणाली. नेपाळातल्या कर्णाली नदीकाठच्या त्या इस्पितळात सगळे तिला दिदीच म्हणत.

टेबलावरची बाहुली तिनेच शिवलेली. जुन्या रजईचा कापूस, डोक्याला रबरी चेंडू, छातीत दुधाची रिकामी पिशवी. जन्मताच श्वास न घेणाऱ्या बाळाला हवा द्यायचा मास्क तोंडावर नेमका बसला आणि त्याला जोडलेला फुगा बेताने दाबला, तरच पिशवी फुगायची. रडायची सोय तेवढी नव्हती. म्हणून शिकणाऱ्याचा हात जमला की दिदीच तान्ह्या बाळासारखी रडायची. ती रडली की हात थांबवायचा.

पडद्यापलीकडे बसंती कळा सोसत होती. बाळंत व्हायला अवकाश होता, म्हणूनच हा सराव. जिवंत बाळावर निरजनचा हात अजून चाललेला नव्हता.

"काठमांडूला शिकलास ना? तिथे बाहुली नव्हती?"

"होती की, विलायती. आपोआप रडते म्हणे. महागाची, म्हणून कुलपात. आम्ही काचेतून पाहिली."

"म्हणजे देवदर्शनच झालं," दिदी म्हणाली. बाहुलीची छाती एकसारखी वर-खाली होऊ लागली, तशी ती खणखणीत रडली.

दुपार कलताना बसंती बाळंत झाली. मुलगा. निळसर, लुळा. श्वास नाही.

निरजनने त्याला पुसलं, पाठ चोळली, मास्क बसवला, फुगा दाबला. छाती वर आली. पुन्हा दाबला, पुन्हा आली. कुठे काही चुकत नव्हतं. दिदीने नाळेवर दोन बोटं ठेवली होती. ठोका लागत होता, मंद.

"मघाशी पलीकडचं बाळ किती जोरात रडलं," बसंती पडल्या पडल्या म्हणाली. "माझं का रडत नाही?"

फुग्याचा तेवढा आवाज येत होता. दिदीच्या बोटांखालचा ठोका विरळ होत लागेनासा झाला. मग बराच वेळ बोटं नुसतीच नाळेवर राहिली.

छाती अजून नीट वर येत होती. निरजनने मान वर केली नाही.

"दिदी," तो हळूच म्हणाला, "रडा ना."

दिदीने नाळेवरची बोटं उचलली आणि तो हात त्याच्या हातावर ठेवला. खाली त्याची बोटं फुगा दाबतच होती.