मनकर्णेची पत्रं

मनकर्णेला पुन्हा पत्र आलं, तेव्हा सत्यभामा खडी फोडत होती.

"दर पंधरवड्याला! माझ्या धन्याला तिथं शाई मिळत न्हाई का काय," ती हातोडा आपटत म्हणाली.

नेकनूरजवळच्या त्या दुष्काळी कामावर दोघी शेजारी बसत. दोघींचे नवरे एकाच पाणबुडीवर होते. डिसेंबरची लढाई संपून चार महिने झाले, तरी मनकर्णेच्या आसारामची पत्रं येतच होती. सत्यभामेच्या बद्रीनाथाचं मात्र लढाईपासून एकही नाही. काही बरंवाईट झालं म्हणावं, तर आसारामच्या पत्रात दर खेपेला असायचं, 'बद्री मजेत हाय.' मजेत असून बायकोला चार ओळी नाहीत! सासूनं तर परवा तोंडावर विचारलं, "कावून गं, जाताना काय बोललीस त्याला?"

गावात पोस्ट नव्हतं. टपाल सोसायटीत यायचं. मनकर्णेला अक्षरओळख नव्हती, म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी भगवानराव दुपारच्या सुट्टीत कामावर येऊन तिचं पत्र वाचून दाखवायचे. बायका भाकरीचा घास हातात धरून पाणबुडीतल्या गोष्टी ऐकायच्या. डोक्यावर शत्रूचं जहाज फिरत होतं, तेव्हा तेरा तास कुणी खोकलंसुद्धा नाही. एकाच बिछान्यावर दोघं पाळीपाळीनं झोपायचे. महिनाभर अंघोळ नाही, प्यायचं पाणी मोजून.

"म्हंजे समुद्रात राहून बी आपल्यासारखंच की!" बायनाबाई म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या.

सत्यभामा चौथी शिकलेली. पण त्या पत्राला तिनं कधी हात लावला नाही. लाववेना. तिला मनकर्णेचा हेवा वाटायचा, अगदी उघड आणि पोटभर. आठवा महिना म्हणून मुकादम मनकर्णेला सावलीत बसवी. बायका आपली खडी तिच्या ढिगात टाकत. साऱ्या गावाला या एकीचाच एवढा पुळका का, हे सत्यभामेला कळत नव्हतं.

आज भगवानराव बीडला गेले होते. सोसायटीला कुलूप पाहून पोस्टमननं पत्र थेट मनकर्णेच्या हातात दिलं होतं.

"सत्यभामा, तू वाच की," मनकर्णा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," मनकर्णेची सासू सुभद्राबाई घाईनं मध्ये पडली. "भगवानराव वाचतील उद्या."

"कावून? हिला येतंय की वाचाया."

बायनाबाईनं सुभद्राबाईकडं बघून मान हलवली. हिच्या हातात नको, असाच त्याचा अर्थ. सत्यभामेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या जिभेला एवढं भ्यायचं, तर घ्या मग. तिनं मनात खोटी वाक्यं जुळवली. 'मी इकडं दुसरी केली. माझी वाट बघू नको.' उद्या भगवानराव खरं वाचतील, वाचू देत. एक दिवस तरी मनकर्णेनं आपल्यासारखा काढावा.

"आण इकडं," ती म्हणाली.

पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत टंकलेला होता. तिनं कड फाडली. आत दोन कागद निघाले, एक मोठा आणि एक चिठ्ठीएवढा. मोठ्या कागदाच्या पहिल्याच ओळीवर ती अडखळली.

अक्षर बद्रीनाथाचं होतं.

चार महिने हा हिला लिहीत होता! आणि गावाला सगळं ठाऊक होतं. तिनं संतापानं मान वर केली. सगळ्या बायकांचे हातोडे थांबले होते. सुभद्राबाईनं मनकर्णेच्या पाठीमागं हात जोडले होते.

"काय लिहिलंय? सांग की गं," मनकर्णा हसत म्हणाली.

सत्यभामेनं चिठ्ठी वर घेतली आणि मनातल्या मनात वाचली.

'भगवानराव, सोबतचं पत्र नेहमीसारखं वाचून दाखवा. आसाराम लढाईत गेला, हे मनकर्णेला बाळंतपण होईस्तोवर कळू द्यायचं नाही, असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंत, म्हणून मी त्याच्या नावानं लिहितो. माझी खुशालीही त्यातच घालतो, घरी कळत असेल. सत्यभामेच्या तोंडात काही राहत नाही, तिलाही सांगायचं नाही म्हणालात, म्हणून तिला वेगळं पत्र टाकत नाही. तिला खोटं लिहायला माझा हात धजत नाही.'