नऊ हजारांची तडजोड

“अजून एक कागद कमी आहे, बाई,” ग्रेडी होल्कम म्हणाला आणि त्याने फाइल मिटली.

ग्रेडी करखात्यात तडजोड अधिकारी होता. समोर बसलेल्या आयली कांगस सत्तरी ओलांडलेल्या. सरोवराकाठी त्यांची माशांना धुरी देण्याची भट्टी होती. नवरा गेला आणि त्याच्या काळातल्या कराचा, एकसष्ट हजार डॉलरचा वाद मागे राहिला. एवढं देणं आम्ही लागतच नाही, असं बाईंचं म्हणणं. तरी तडजोड म्हणून त्यांनी नऊ हजार देऊ केले होते. खात्याने नकार दिला, तर भट्टी जाणार होती.

“आता कुठला कागद, साहेब?”

“मिठाच्या पावत्या. पाच वर्षांच्या.”

“मिठाच्या?”

“नियम आहे. पहिल्याच दिवशी पुस्तिका दिली होती ना? वाचली नाहीत वाटतं.”

“डोळे कुठे चालतात आता!” बाई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. “बरं, आज तारीख काय?”

“नऊ. नऊ नोव्हेंबर,” ग्रेडी शेजारच्या टेबलाकडे बघत हसला. दर खेपेला हाच प्रश्न. मग पोचपावतीवर शिक्का मारून घ्यायचा आणि ती घडी करून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. म्हातारीचं डोकं कामातून गेलंय, असं त्याने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

दुसऱ्याला खेटे घालायला लावण्यात काही माणसांना जेवणाहून जास्त गोडी वाटते. ग्रेडी त्यातलाच. मिठाच्या पावत्या आल्या, तर त्याने जळणाच्या मागितल्या. त्या चौथ्या दिवशी आल्या, तर होडीचे कागद. बाई ना कधी उशिरा आल्या, ना चिडल्या.

“मासा धुरीला लावला की घाई करून चालत नाही, साहेब,” एवढंच एकदा म्हणाल्या.

मागायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने निकाल लिहिला. सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला होता.

“नामंजूर,” तो म्हणाला. “नऊ हजारांत एकसष्ट कसे सोडणार? पुढच्या महिन्यात भट्टीवर जप्ती येईल.”

बाईंनी बिस्किटांचा डबा मांडीवर ओढला. भट्टी त्यांच्या वडिलांनी बांधलेली होती.

“आज तारीख काय?”

“सोळा मार्च!” ग्रेडी खदखदून हसला. “थांबा, कागदावरच टाकून देतो. म्हणजे विसरायला नको.” त्याने तारीख घातली, सही केली आणि शिक्का हाणला.

आयलीबाईंनी कागद घेतला. डबा उघडून सगळ्यात खालची पोचपावती त्याच्यापुढे ठेवली. नऊ हजारांचा प्रस्ताव दाखल केल्याची, दोन वर्षांपूर्वीची, चौदा मार्चची, सही ग्रेडीचीच. मग पुस्तिका उघडून एका ओळीवर बोट ठेवलं.

“पान अकरा. मोठ्याने वाचा साहेब, सगळ्यांना ऐकू दे.”

“‘प्रस्ताव दाखल झाल्यापासून चोवीस महिन्यांत खात्याने नकार न दिल्यास...’” ग्रेडी वाचता वाचता थांबला.

बाईंनी गळ्यातला चष्मा काढून त्याच्यापुढे धरला.

“डोळे चालत नाहीत का, बाळा? पुढे लिहिलंय, ‘प्रस्ताव मंजूर झाला असं समजावं.’”